डेल्फ्टचा भिंगकार

हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत १६३२ साली जन्मलेला लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. लॅटिनही त्यास येत नसे. परंतु स्वहस्ते घासलेल्या भिंगांतून दिसलेल्या तांबड्या रक्तकणांचे वर्णन त्याने १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून धाडले. आजारी असता स्वतःच्याच रक्तातील कण त्यास ताठर दिसले. प्रकृती सुधारल्यावर मऊ, लवचीक. आम्हांस त्याचे खरे मोठेपण या निरीक्षणात वाटते. कारण अतिसूक्ष्म केशवाहिनी कणाहूनही अरुंद. अंग मुडपल्यावाचून त्यास वाट नाही. पक्षाघाताच्या पुष्कळ रोग्यांत हे कण ताठरलेले व एकमेकांस चिकटलेले असतात आणि मेंदूतील रक्तप्रवाह मंदावण्यास हातभार लावतात, असे विसाव्या शतकातील संशोधकांस आढळले. लेवेनहूक १७२३ मध्ये वारला. अखेरच्या दुखण्याचे वर्णनही त्याने सोसायटीस कळविले होते.