अठ्ठावीस पौंडांचा हिशेब

लोभ हा श्रीमंतांचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्याच्या घरी महिनाअखेरीस किराणा दुकानातील उधारीची वही पुढे येते, त्याने लोभाविरुद्धचा उपदेश कशाला ऐकावा? मीही असेच समजत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परंतु इतिहासाच्या अभ्यासाच्या निमित्ताने अठराव्या शतकातील इंग्लंडविषयी वाचताना जॉन वेस्ली या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चरित्र हाती आले आणि माझ्या समजुतीला तडा गेला.

वेस्लींचा जन्म १७०३ मध्ये लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युएल तेथील धर्मगुरू. एकोणीस भावंडांत जॉन पंधरावा; त्यांतील कितीतरी लहानपणीच दगावली. वडील विद्वान, पण कर्ज कायम मानगुटीवर बसलेले. जॉन दोन वर्षांचा असताना, १७०५ मध्ये, कर्ज फेडता न आल्यामुळे वडिलांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले. आई सुझॅना यांनी घर सावरले आणि मुलांना स्वतः शिकविले. दारिद्र्य म्हणजे काय, हे जॉनला पुस्तकातून शिकण्याची गरजच नव्हती.

१७२० मध्ये ते ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाले. १७२६ मध्ये लिंकन कॉलेजचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली आणि हाती नियमित पैसा येऊ लागला. कर्जबाजारी घरातील मुलाला यापरते सुख कोणते! त्या काळातील एक प्रसंग चरित्रकार सांगतात. वेस्लींनी खोलीत लावण्यासाठी चित्रे विकत घेतली होती. कडाक्याच्या थंडीत एक कामकरी मुलगी दाराशी आली. तिच्या अंगावर एकच विरविरीत वस्त्र होते. तिला कपड्यासाठी काही द्यावे म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर पैसे जवळजवळ संपलेले! भिंतीवरची ती चित्रे त्यांना एकाएकी त्या मुलीच्या पांघरुणासारखी दिसू लागली.

मग त्यांनी हिशेब मांडला. वर्षाची मिळकत ३० पौंड. २८ पौंडांत आपले भागते. उरलेले २ पौंड गरिबांचे. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली. खर्च मात्र २८ चाच राहिला आणि ३२ पौंड वाटले गेले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२. हा हिशेब वेस्लींनी पुढे एका प्रवचनात कुणा तरुणाचा म्हणून सांगितला. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे चरित्रकार मानतात. मिळकत वाढली म्हणून गरजा वाढल्याच पाहिजेत, हे त्यांनी मान्य केले नाही. हीच मला या चरित्राची किल्ली वाटते.

१७३८ च्या मे महिन्यात लंडनमधील एका छोट्या सभेत त्यांना गाढ आत्मिक अनुभव आला. पुढच्याच वर्षी ब्रिस्टॉलजवळील किंग्जवुडच्या कोळसा खाणीतील मजुरांपुढे ते उघड्यावर प्रवचने देऊ लागले. त्यातूनच मेथडिस्ट पंथ वाढला. गरिबांना सावकाराकडे जावे लागू नये म्हणून १७४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये छोट्या कर्जाचा निधी उभारला. तुरुंगात गेलेल्या बापाचा हा मुलगा दुसरे काय करणार?

१७६० मध्ये त्यांचे पैशाच्या उपयोगावरील प्रवचन प्रसिद्ध झाले. त्यात तीन नियम आहेत: शक्य तितके मिळवावे, शक्य तितके वाचवावे आणि शक्य तितके द्यावे. मात्र मिळवताना स्वतःचे शरीर, स्वतःचे मन आणि शेजाऱ्याचे हित यांना बाध येता कामा नये. म्हणूनच दारूच्या धंद्यावर त्यांनी कडाडून टीका केली आणि १७७४ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. माणसाला विकण्यामागे दुसरे काही नसून केवळ नफ्याचा लोभ आहे, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु खरी शोकांतिका पुढेच आहे. त्यांचे अनुयायी बहुतेक मजूर, विणकर, छोटे दुकानदार. धर्मामुळे ते दारू सोडून उद्योगी आणि काटकसरी झाले. साहजिकच हळूहळू सुखवस्तूही झाले. मग काय घडले? पहिले दोन नियम त्यांनी मनापासून पाळले आणि तिसरा विसरले! धर्म उद्योग शिकवतो, उद्योगातून संपत्ती येते आणि संपत्ती धर्मालाच गिळते, हे दुष्टचक्र वेस्लींनी १७८६ मध्ये दुःखाने लिहून ठेवले. ख्रिस्ती नीतिशास्त्र लोभाला एक प्रकारची मूर्तिपूजा मानते ते याचसाठी. पैसा वाईट नव्हे. पण मनुष्य देवावरचा भरवसा काढून तो तिजोरीवर ठेवतो आणि शेजारचे दुःख त्याला दिसेनासे होते.

वेस्ली स्वतः शेवटपर्यंत ढळले नाहीत. पुस्तकांच्या विक्रीतून त्यांना पुष्कळ पैसा मिळाला, पण तो घरात राहिला नाही. १७७६ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी करासाठी चांदीच्या भांड्यांची माहिती मागविली, तेव्हा लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टॉलमध्ये दोन चमचे, एवढेच त्यांनी कळविले. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, घोट्यापर्यंतच्या वितळत्या बर्फातून पाच दिवस हिंडून त्यांनी गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड भीक मागून जमविले. २ मार्च १७९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवपेटी सहा गरीब माणसांनी उचलली आणि त्या प्रत्येकाला २० शिलिंग मजुरी मिळाली.

मित्रहो, वेस्लींनी दारिद्र्याचे गोडवे गायिले नाहीत. २८ पौंडांत अन्न, वस्त्र, निवारा सारे होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून तेवढेही नाही. ते मिळविण्यासाठीच आपण येथे आलो आहोत आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर नोकरी लागल्यानंतर घ्यायच्या वस्तूंची यादी आहे. घराचे गळके छप्पर त्यात पहिले. पण यादी खाली खाली वाढत गेली आहे आणि ती कोठे थांबणार, हे मी कधी ठरविलेच नव्हते. परवा मी त्या यादीत छपराच्या आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाच्या खाली एक रेघ ओढली. पगार हाती आल्यावर ती रेघ तेथेच राहील का? उपाशी असताना लोभावर बोलणे सोपे असते. खरी परीक्षा एकोणतिसाव्या पौंडापासून सुरू होते.