विल्बर राईट : सुई-दोऱ्याने विमान बांधणारा माणूस



राईट बंधूंचा पाठ आपण सगळेच शिकवतो. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, १२ सेकंद, १२० फूट. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात. पण ते विमान कशाचं होतं असं वर्गात विचारून बघा. बरीच मुलं पत्र्याचं नाहीतर लोखंडाचं म्हणतील. ते होतं लाकडाचं आणि कापडाचं, आणि ते कापड या दोघा भावांनी स्वतः बेतून शिवलेलं होतं. आज मी थोरल्या भावाबद्दल, विल्बरबद्दल लिहिते आहे.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील चर्चमध्ये बिशप. आई सुसान मात्र हाताने वस्तू बनवण्यात हुशार. मुलांची खेळणी ती घरीच करायची. म्हणजे हत्यारं हातात धरायची सवय या मुलांना आईकडून आली, हे पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. अठरा वर्षांचा असताना बर्फावर हॉकी खेळताना विल्बरच्या तोंडावर काठी बसली, पुढचे दात गेले. येल विद्यापीठात जायचं ठरत होतं ते राहून गेलं. पुढची तीन वर्षं तो घरीच. आईला क्षय झाला होता, तिची सेवा करायची आणि वडिलांच्या संग्रहातली पुस्तकं वाचायची. १८८९ मध्ये आई गेली. १८९२ मध्ये डेटन गावात त्याने आणि ऑर्विलने सायकलचं दुकान काढलं, पुढे स्वतःच्या सायकली बनवायला लागले.

१८९९ मध्ये विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उडण्याबद्दलची पुस्तकं मागवली. पुढच्या वर्षी पंखांचे भाग घेऊन तो किटी हॉकला निघाला. पंखांसाठी १८ फुटी लाकूड हवं होतं. वाटेत मिळालं १६ फुटी. कापड तर घरून मोठ्या मापाचं शिवून आणलेलं. मग काय करणार? तिथल्या टेट कुटुंबाकडे त्याचा मुक्काम होता. टेट बाईंचं शिलाई मशीन अंगणात घेतलं, कापड कापलं आणि नवीन मापाने परत शिवून काढलं. तेहतीस वर्षांचा माणूस परक्या गावात, परक्याच्या अंगणात मशीनवर बसलाय, असं चित्र डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे अजूनही कार्यानुभवाच्या तासाला मुलगे सुई हातात घ्यायला लाजतात, आणि काही पालकही आम्हालाच विचारतात की मुलाला बटण लावायला कशाला शिकवता. त्यांना मी ही गोष्ट सांगते. त्या ग्लायडरचं काम झाल्यावर भावांनी तो तिथेच टाकून दिला, तर टेट बाईंनी त्याच्या कापडातून आपल्या मुलींचे फ्रॉक शिवले!

१९०३ च्या विमानाला मस्लिन वापरलं. मलमल म्हटलं की आपल्याला तलम पांढरं कापड आठवतं. हे तसं नव्हतं. आपल्या मांजरपाटासारखं कोरं सुती कापड, पण वीण घट्ट. ते उरेब बेतलं होतं, म्हणजे धागे तिरके जातात आणि कापडच पंखाला ताण देतं. शिवणकाम येणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. पंखाच्या लाकडी फासळ्या बसाव्यात म्हणून पायजम्याला नेफा असतो तसे कप्पे कापडात शिवले होते.

आता पेट्रोलची टाकी. ती पंखात नव्हतीच. दोन पंखांमधल्या एका खांबाला, वरच्या बाजूला, लहानशी टाकी बाहेरच बांधली होती. पंप वगैरे काही नाही, पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरायचं. आज परदेशात हौसेने घरी कापडी विमान बांधणारे लोक आहेत. त्यातले बरेच जण टाकी पंखाच्या आत बसवतात, म्हणजे वाऱ्याला अडथळा होत नाही. पण टाकी गळायला लागली तर? वरून सलग कापड असेल तर ते फाडा, दुरुस्ती करा, परत ठिगळ लावा, परत रंग द्या. म्हणून शहाणे लोक टाकीवर कापड न घालता स्क्रूने काढता येईल असं पत्र्याचं झाकण बसवतात. राईट बंधूंना हे झाकण लागलं नाही, कारण टाकी उघड्यावरच. हात घातला की सापडली. देखणं नव्हतं, पण मला यात सायकल दुरुस्त करणाऱ्याचं डोकं दिसतं. बिघडणारी वस्तू हाताशी ठेवायची. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर ३९ मिनिटं उडला, २४ मैलांहून जास्त. खाली उतरला तो पेट्रोल संपलं म्हणून.

खरी परीक्षा झाली १९०८ मध्ये फ्रान्सला. तिथली वर्तमानपत्रं या भावांना थापाडे म्हणत होती, कारण त्यांनी कोणाला उडून दाखवलंच नव्हतं. ऑर्विलने १९०७ मध्येच एक विमान खोक्यांत भरून पाठवलं होतं. ते ल हाव्र बंदरात वर्षभर पडून होतं. जूनमध्ये ल मान्स गावी विल्बरने खोकी उघडली आणि बघतो तर काय, फासळ्या मोडलेल्या, कापड जागोजागी फाटलेलं, रेडिएटर चेपलेले. तो भावावर जाम भडकला आणि वाईट पॅकिंग केलंस म्हणून कडक पत्र लिहिलं. नंतर कळलं की ऑर्विलचा दोष नव्हता, कस्टमच्या लोकांनी सामान उचकून कसंही परत कोंबलं होतं.

लेऑन बोले नावाच्या मोटार कारखानदाराने आपल्या कारखान्यात जागा दिली. पण तिथल्या कामगारांना याची भाषा येईना, याला त्यांची येईना. त्यामुळे बहुतेक काम विल्बरने स्वतःच केलं. कापड उसवायचं, आतली फासळी बदलायची, परत शिवायचं. त्यात ४ जुलैला रेडिएटरची नळी सुटली, उकळतं पाणी अंगावर आलं, हात आणि छातीची बाजू भाजली. तरी काम चालूच. पेपरवाले चेष्टा करत होते, याने घाई केली नाही. झोपायचा पण विमानाच्या शेडमध्येच.

८ ऑगस्ट १९०८. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोक जमले, त्यात ब्लेरियोसारखे नावाजलेले वैमानिकही होते. विल्बर दोन मिनिटंही उडला नसेल. पण वळणं घेऊन, गोल फिरून अलगद जागेवर उतरला. असं वळण तिथे कोणाला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून थापाडा शब्द बंद.

सप्टेंबरमध्ये मात्र अमेरिकेतून वाईट बातमी आली. ऑर्विलचं विमान पडलं, सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले, ऑर्विलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. आपण तिथे असतो तर हे टळलं असतं, हे विल्बरच्या मनाला लागून राहिलं. चारच दिवसांनी तो फ्रान्समध्ये दीड तास उडला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, दोन तास वीस मिनिटं.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कला त्याने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला फेरी मारली. पाण्यावरून जायचं म्हणून विमानाच्या खाली चक्क एक होडी बांधली होती, आणि तिच्यात पाणी शिरू नये म्हणून वरून तिला कापड ताणून बसवलं होतं. हे वाचून माझ्या वर्गातली मुलं खूप हसली.

पुढची वर्षं पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. मला वाटतं या माणसाने तेव्हा कोर्टाऐवजी शेडमध्ये बसायला हवं होतं, पण ते आपण आज म्हणणार. १९१२ मध्ये त्याला टायफॉईड झाला आणि ३० मे रोजी, ४५ व्या वर्षी तो गेला. लग्न केलं नव्हतं. वडील आणि भावंडं मागे राहिली.

१९०३ चं ते विमान डेटनमध्ये खोक्यांत पडून होतं. १९१३ च्या महापुरात ते कितीतरी दिवस पाण्याचिखलात बुडालं. १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात पाठवण्याआधी ऑर्विलने जुनं कापड काढून तशाच जातीचं नवीन मस्लिन चढवलं. काढलेलं जुनं कापड फेकलं नाही. त्यातलाच एक तुकडा १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग सोबत घेऊन चंद्रावर गेले.