बोहारणीला दिलेलं लुगडं

मैत्रिणींनो, बोहारीण दारात आली की आपलं कपाट कसं भराभर उपसलं जातं, हे मी का तुम्हाला सांगायला हवं? लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मीही असंच केलं. माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंचं एक जुनं जरीचं लुगडं होतं. घड्यांवर विरलेलं, एका बाजूला कसर लागलेली. दोन जुन्या साड्यांवर ते लुगडं ठेवलं आणि स्टीलचा मोठा डबा घेतला. घासाघीस करून झाकणही चांगलं घट्ट बसणारं मिळवलं!

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी शेंगा सोलता सोलता त्यांनी सहज सांगितलं, की ते त्यांच्या आजीचं पैठणी लुगडं होतं. पदर हातानं विणलेला, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. असली जुनी लुगडी पुढे जरीतल्या चांदीसाठी जाळतात, हेही मला तेव्हाच कळलं. तो डबा अजून आहे. मी त्यात रवा ठेवते.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण चार वर्षांपूर्वी आम्ही तिरुपतीला गेलो. आपल्याकडची बरीच मंडळी करतात तसं तिथून तासाभराच्या अंतरावरच्या श्रीकालहस्तीलाही जाऊन आलो. दर्शन झाल्यावर गल्लीत एका घरात कापडावर चित्रं काढताना काही बायका दिसल्या. हातात ब्रश नव्हता, बांबूची टोकदार काडी होती. काडीला सूत आणि लोकर गुंडाळलेली. ती रंगात बुडवायची आणि बोटांनी दाबत रेघ ओढायची. हीच कलमकारी. कलम म्हणजे ती काडी! मी तोपर्यंत बाजारातल्या छापील ड्रेस मटेरियललाच कलमकारी म्हणत होते. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं मोडक्या हिंदीत सांगितलं, की ही विद्या जवळजवळ संपली होती. सरकारनं इथं वर्ग काढला म्हणून ती टिकली, आणि त्यामागे कमलादेवी होत्या.

कमलादेवी चट्टोपाध्याय हे नाव मी बी.ए.ला वाचलं होतं, पण मिठाच्या सत्याग्रहापुरतंच. घरी आल्यावर नगर वाचनालयातून मिळेल ते आणून वाचलं. वाचता वाचता सारखं ते लुगडं डोळ्यांसमोर येत होतं.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूरच्या सारस्वत कुटुंबात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर मोठे सरकारी अधिकारी, आई गिरिजाबाई वाचनाची आवड असलेल्या. कमलादेवी लहान असतानाच वडील वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळी मालमत्ता सावत्र मुलाकडे गेली आणि मायलेकींच्या वाट्याला फक्त पोटगी आली. गिरिजाबाईंनी ती नाकारली आणि माहेरच्या पैशावर मुलीला वाढवलं. चौदाव्या वर्षी कमलादेवींचं लग्न झालं आणि दोनच वर्षांत त्या विधवा झाल्या. त्या काळात सोळा वर्षांच्या विधवेपुढे काय आयुष्य असायचं, हे आपल्या घरातल्या जुन्या बायकांनी पाहिलंय. पण त्या मद्रासला कॉलेजात गेल्या, शिकल्या. पुढे सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ, कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांनी दुसरं लग्न केलं. समाजात गदारोळ झाला. त्यांना एक मुलगा झाला. हेही लग्न पुढे टिकलं नाही आणि दोघं वेगळे झाले. रडत बसायला कारणं भरपूर होती, पण त्यांना बसायला सवडच नव्हती.

१९२६ मध्ये मद्रास विधिमंडळाच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या. एक बाई निवडणूक लढवते, हेच तेव्हा नवल! थोड्याच मतांनी त्यांची जागा गेली. १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या कामात त्या पुढे होत्या. १९३० मध्ये दांडीयात्रेत गांधीजींनी बायकांना घेतलं नव्हतं. कमलादेवी त्यांना भेटल्या आणि सत्याग्रहात बायकाही हव्यात, हे त्यांनी पटवून दिलं. मुंबईत पहिल्या तुकडीत अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी अशा दोघी होत्या. चौपाटीवर चुली मांडून मीठ केलं, त्याच्या पुड्या थेट शेअर बाजारात नेऊन विकल्या. मग तुरुंगवास आला. पुढेही तो अनेकदा आला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं. एवढी तपश्चर्या केलेल्या बाईला मंत्रिपद, राजदूतपद काहीही मिळालं असतं. त्या मात्र निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या. १९४८ मध्ये त्यांनी सहकारी संघ काढला, दिल्लीजवळ फरिदाबादला हजारो निर्वासितांच्या वसाहतीचं काम उभं केलं. घरदार गमावलेल्या माणसांना नुसतं धान्य देऊन भागत नाही, त्यांच्या हातांना काम लागतं, हे तिथं रोज दिसत होतं. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि कमलादेवी त्याच्या अध्यक्षा झाल्या. त्याच सुमारास दिल्लीचं कॉटेज एम्पोरियम त्यांच्या सहकारी संघाकडे चालवायला आलं.

मग सुरू झाली ती भटकंती. खेड्यापाड्यांतून फिरायचं, विणकर, रंगारी, कुंभार, बुरूड यांच्या ओसरीवर बसायचं, कोण काय करतं आणि आता कोण करत नाही ते विचारायचं. अंगावर हातमागाची ठसठशीत साडी, केसांत फुलं, गळ्यात मोठाले दागिने, असा त्यांचा थाट असे. आपण ज्याचा आग्रह धरतो ते आधी आपण नेसायचं, हा साधा हिशेब!

श्रीकालहस्तीची कलमकारी अशीच संपत आलेली होती. याच किनाऱ्यावरच्या रंगीत सुती कापडाचं एके काळी युरोपला वेड होतं. तिथल्या विणकरांचा धंदा बसला म्हणून १६८६ मध्ये फ्रान्सनं आणि १७०० व १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडनं त्यावर बंदी घातली. म्हणजे बघा, आपल्या कारागिरांची किती धास्ती होती! नंतर गिरण्यांची छापील कापडं आली. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचा लाल रंग युरोपात कारखान्यात तयार व्हायला लागला. देवळांसाठी रामायण-महाभारताचे पट रंगवणाऱ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. ज्यांना कला येत होती ते म्हातारे झाले आणि पोरं दुसऱ्या कामाला लागली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस हस्तकला मंडळानं श्रीकालहस्तीला प्रशिक्षण केंद्र काढलं. शिकवायला बाहेरचा कुणी पदवीधर आणला नाही. तिथलेच जुने जाणते कारागीर जोन्नलगड्डा लक्ष्मय्या यांना गुरू नेमलं. मला यातच कमलादेवींचं शहाणपण दिसतं. त्यांचा मुलगा गुरप्पा चेट्टी यांना याच कलेसाठी २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

गुरू कशाला, पुस्तक वाचून नाही का जमणार, असं मलाही वाटलं होतं. आमच्या बचत गटात आम्ही करून पाहिलं. काळ्या रंगासाठी गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून परसात वीस दिवस ठेवलं. असा काही वास सुटला, की शेजारीण विचारायला आली! काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणला, त्याच्या पाण्यात कोरं कापड भिजवून वाळवलं. आणि रेघ ओढली, तर ती टीपकागदावरच्या शाईसारखी पसरली. नऊ जणींची नऊ कापडं वाया गेली. कुठं चुकलं ते काही कळेना. शेवटी कारागिराचा फोन नंबर शोधून विचारलं. तो हसला. हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं कच्चं दूध घालायचं असतं. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग पसरत नाही. तसं केलं आणि काय सांगू! मडक्यातलं ते फिकट पाणी हिरड्याच्या कापडाला लागताच डोळ्यांदेखत काळंभोर झालं आणि रेघ जागच्या जागी राहिली.

हा तर नुसता काळा. लाल हवा तिथं तुरटीचं पाणी लावायचं आणि मंजिष्ठेसारख्या मुळांबरोबर कापड उकळायचं. तुरटी लागली तेवढाच भाग पक्का लाल होतो. मग वाहत्या पाण्यात धुवायचं, उन्हात वाळवायचं. पिवळा, निळा त्यानंतर. एकेका रंगाला पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. आम्ही एका वाटीभर दुधाला चुकलो. तो सांगणारा माणूस नसता, तर आम्ही अजून खिळेच भिजवत बसलो असतो. एक पिढी न शिकवता गेली, की असं काय काय जात असेल!

कमलादेवींना हे फार आधी उमगलं होतं. म्हणून त्यांनी कारागिराला मान आणि बाजार दोन्ही मिळवून दिले. १९६४ मध्ये क्राफ्ट्स कौन्सिल ऑफ इंडिया उभी राहिली. १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. त्यांना स्वतःला १९६६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळालं. भारतीय भरतकामावर, सतरंज्या-गालिच्यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय पंच्याऐंशी. वडिलांच्या संपत्तीतलं काही हाती न लागलेल्या या मुलीनं देशभरच्या कारागिरांचा वारसा मात्र हातचा जाऊ दिला नाही.

आमच्या गटानं आता नवा नेम केलाय. महिन्यातून एकदा गावातल्या एका आजींकडे जायचं आणि त्यांच्या हातातलं काही तरी शिकून यायचं. सुरुवात सासूबाईंपासूनच केली. त्यांचे डोळे आता अधू झालेत, पण गोधडीचा टाका त्या बोटांनी चाचपून बरोबर घालतात. माझा टाका वाकडा गेला, की न बघता सांगतात. परवा मी धीर करून त्या लुगड्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि हातातली सुई माझ्याकडे देऊन दोरा ओवायला सांगितला.

तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. बोहारीण यायच्या आधी ती एकदा घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर उघडा. कापड विरलेलं असेल, पण ते कसं केलं हे सांगणारी अजून समोर बसली आहे.