ऑफिस सांभाळून ध्यान शिकवणारे ऊ बा खिन : इगतपुरीच्या विपश्यनेची गोष्ट रंगूनच्या एजी ऑफिसातून सुरू होते

मोबाइल जमा करून, दहा दिवस मौन पाळून इगतपुरीहून परत आलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल. तिथे ऐकू येतो तो सत्यनारायण गोएंका यांचा आवाज. पण गोएंकांना हे ध्यान शिकवलं कुणी? कुठल्या साधूने नाही, तर ब्रह्मदेशातल्या एका सरकारी अधिकाऱ्याने. त्यांचं नाव सयाजी ऊ बा खिन. सयाजी म्हणजे थोर गुरुजी.

१८९९ मध्ये रंगूनला साध्या घरात त्यांचा जन्म झाला. शाळेत हुशार, पण घरच्या परिस्थितीमुळे नोकरी धरावी लागली. पुढे ते अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि परीक्षा देत वर चढत गेले.

१९३७ च्या जानेवारीत एका परिचिताने त्यांना श्वासाकडे लक्ष देण्याची आनापान ही पद्धत सांगितली. करून पाहिली तर मन पटकन स्थिर झालं. आठवडाभरातच त्यांनी थेट सया तेजी यांचं गाव गाठलं. सया तेजी शेतकरी होते, संसारी होते आणि विपश्यनेचे आचार्यही होते. संसारात राहूनही गुरू होता येतं, हे ऊ बा खिन यांना तिथेच दिसलं.

१९४१ मध्ये रेल्वेच्या हिशेबाच्या कामानिमित्त ते मंडालेजवळच्या चौक्सेला गेले होते. तिथल्या टेकडीवर वेबू सयाडो हे ख्यातनाम भिक्खू राहत. ऊ बा खिन यांची साधना किती पुढे गेली आहे हे ओळखून त्यांनी सांगितलं, आता इतरांना शिकवा.

मग काय, लगेच मोठं केंद्र उघडलं? नाही. आधी त्याच स्टेशनच्या सहायक स्टेशनमास्तरला रेल्वेच्या डब्यात बसून शिकवलं. रीतसर शिकवायला मात्र जवळपास दहा वर्षं लागली. तोवर नोकरी आणि स्वतःची साधना चालू राहिली.

१९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. १९५० मध्ये त्यांनी ऑफिसातल्याच लोकांसाठी विपश्यना मंडळ काढलं आणि १९५२ मध्ये रंगूनला आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र. त्यानंतरही एकाच वेळी तीन-चार खाती सांभाळायची आणि केंद्रात दहा दिवसांची शिबिरं घ्यायची, असं चालू होतं. भ्रष्टाचाराला त्यांच्या टेबलावर जागा नव्हती. साहेब जे शिकवतात तसेच वागतात, हे हाताखालचे लोक रोज बघत होते.

१९५५ मध्ये मंडालेत जन्मलेले एक मारवाडी उद्योजक अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे आले. तेच गोएंका. फक्त डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे त्यांना आधीच बजावण्यात आलं. पुढे १४ वर्षं गोएंका त्यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये त्यांना शिकवण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी जुलैत मुंबईत त्यांचं भारतातलं पहिलं शिबिर झालं.

हे ध्यान मूळचं भारताचं, ते भारताला परत द्यायचं, अशी ऊ बा खिन यांची फार इच्छा होती. त्यांना स्वतःला ते जमलं नाही. १९६७ मध्ये ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले आणि जानेवारी १९७१ मध्ये रंगूनला वारले. इगतपुरीची धम्मगिरी सुरू झाली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ मध्ये.