दवाखाना चालत नव्हता तेव्हा

1920 च्या जुलैमध्ये कॅनडातील लंडन या शहरात एका तरुण शल्यचिकित्सकाने दवाखान्याची पाटी लावली. जवळपास महिनाभर एकही रुग्ण फिरकला नाही. त्या महिन्याची कमाई होती 4 डॉलर. या डॉक्टरांचे नाव फ्रेडरिक बँटिंग.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बँटिंग यांना अपयश नवे नव्हते. कला शाखेत पहिल्याच वर्षी नापास झाल्यावर ते वैद्यकाकडे वळले. महायुद्धात जखमी झाले. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात कायमची जागा मिळाली नाही, म्हणून हा दवाखाना. खर्च भागावा म्हणून त्यांनी स्थानिक विद्यापीठात अर्धवेळ शिकवायला सुरुवात केली.

30 ऑक्टोबरच्या रात्री ते पिष्टमय पदार्थांच्या चयापचयावरील व्याख्यानाची तयारी करत होते. विषय त्यांचा नव्हताच. त्या रात्री त्यांनी एक लेख वाचला: खडा अडकून स्वादुपिंडाची नलिका बंद झाली की पाचकरस तयार करणारा भाग सुकतो, पण लँगरहान्सची बेटे टिकून राहतात. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे 1889 पासून माहीत होते. बेटांमधला तो अज्ञात स्राव मिळवण्याचे अनेकांचे प्रयत्न फसले होते. पाचकरसच तो नष्ट करत असावेत, असा अंदाज होता. पहाटे दोनच्या सुमारास बँटिंग यांनी उठून टिपण केले: कुत्र्याची नलिका बांधायची, पाचक भाग सुकू द्यायचा आणि उरलेल्या बेटांतून स्राव काढायचा. या टिपणात त्यांनी रोगाच्या नावाचे स्पेलिंगच चुकवले होते!

टोरांटोचे प्राध्यापक मॅक्लिऑड हे या विषयातले जाणकार. प्रयोगशाळेचा अनुभव नसलेल्या या माणसाबद्दल त्यांना फारशी खात्री वाटली नाही, आणि ते चूकही नव्हते. बँटिंग यांची स्वतःची खात्री त्याहून कमी. सहकाऱ्यांनी दवाखाना सोडू नका असे सांगितले. मधल्या काळात तेलाच्या शोधात उत्तरेकडे निघालेल्या मोहिमेत डॉक्टर म्हणून जाण्याची खटपटही त्यांनी करून पाहिली. त्या मोहिमेला डॉक्टरच नको होता. अखेर मे 1921 मध्ये ते टोरांटोला आले. पगार नव्हता. मदतीला 22 वर्षांचे विद्यार्थी चार्ल्स बेस्ट.

पहिले काही आठवडे निराशेचे होते. शस्त्रक्रिया बिघडत, कुत्री मरत, बांधलेल्या नलिका पुन्हा उघडत. 30 जुलैला मात्र एका मधुमेही कुत्र्याला अर्क टोचल्यावर तासाभरात त्याची रक्तशर्करा 200 वरून 120 वर आली. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा मेला. पण अर्कात काहीतरी होते, एवढे दिसले.

पुढे अर्क पुरेना. गाई पुष्कळदा गाभण असतानाच कत्तलखान्यात येतात, हे बँटिंग यांना घरच्या शेतीमुळे ठाऊक होते. गर्भातील वासरांच्या स्वादुपिंडात पाचकरस जवळजवळ नसतात. त्यातून अर्क निघाला. मग डिसेंबरमध्ये मोठ्या जनावरांच्या अखंड स्वादुपिंडातूनही, अल्कोहोल वापरून. म्हणजे नलिका बांधण्याची गरजच नव्हती! ज्या कल्पनेसाठी दवाखाना बंद केला, तिचा गाभाच अनावश्यक ठरला. खरा तज्ज्ञ कदाचित या वाटेला गेलाच नसता.

वर्षअखेरीस शास्त्रज्ञांच्या बैठकीत निष्कर्ष मांडताना बँटिंग इतके अडखळले की प्रश्नांची उत्तरे मॅक्लिऑड यांना द्यावी लागली. श्रेय हातचे जाते आहे असे त्यांना वाटू लागले. जीवरसायनतज्ज्ञ कॉलिप यांचे शुद्धीकरणाचे काम चालू असतानाच बँटिंग आणि बेस्ट यांचा अर्क माणसाला टोचायचे ठरले. त्यामागे रुग्णाची कळकळ होती, तशी ईर्ष्याही.

रुग्ण होता 14 वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन, वजन जेमतेम 29 किलो. त्या काळी मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे हाच उपचार होता. त्याने मरण फक्त लांबत असे. 11 जानेवारी 1922 रोजी अर्क टोचला. साखर थोडी उतरली, लघवीतील कीटोन तसेच राहिले आणि टोचल्या जागी गळू झाले. अर्क थांबवावा लागला. 23 जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा साखर 520 वरून 120 वर आली आणि कीटोन नाहीसे झाले.

यश आले तरी बँटिंग यांचे मन शांत झाले नाही. त्या हिवाळ्यात झोप यावी म्हणून ते प्रयोगशाळेतील अल्कोहोल पीत. बेस्ट यांनी समजूत घालून त्यांना पुन्हा कामावर आणले. 1923 चे नोबेल त्यांना मॅक्लिऑड यांच्यासह मिळाले, तेव्हा बेस्ट यांचे नाव नाही म्हणून ते संतापले आणि आपली अर्धी रक्कम त्यांना दिली. मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांना दिली. पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला विकले गेले.

लिओनार्ड इन्सुलिनच्या आधाराने आणखी 13 वर्षे जगला.