जिमी हेंड्रिक्स : दौऱ्याच्या पहिल्या रात्रीची आग

विद्युत गिटारच्या वादनाला नवी भाषा देणारे अमेरिकी रॉक संगीतकार जिमी हेंड्रिक्स यांची प्रसिद्धीच्या झोतातील कारकीर्द जेमतेम चार वर्षांची होती. सप्टेंबर १९६६ मध्ये ते लंडनला आले आणि सप्टेंबर १९७० मध्ये त्याच शहरात, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या अल्पकाळातील एका दौऱ्याच्या पहिल्याच रात्री त्यांनी रंगमंचावर आपली गिटार पेटवली. त्या आगीने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. मात्र आगीपलीकडचे आपले संगीत श्रोत्यांनी ऐकावे, यासाठी त्यांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले.

हेंड्रिक्स यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. आईवडील विभक्त झाले आणि १९५८ मध्ये आईचे छत्र हरपले. वडिलांबरोबर एका घराची साफसफाई करताना अडगळीत सापडलेले एका तारेचे युकुलेले हे त्यांचे पहिले वाद्य. त्यानंतर पाच डॉलरला मिळालेली जुनी गिटार हाती आली. ते डावखुरे होते. त्यामुळे उजव्या हाताने वाजवण्यासाठी घडवलेली गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून ते वाजवत असत. १९६१ मध्ये ते सैन्याच्या छत्रीधारी दलात दाखल झाले व पुढच्याच वर्षी बाहेर पडले. त्यानंतरची काही वर्षे लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स अशा नामवंतांच्या मागे उभे राहून साथ करण्यात गेली.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लहानशा कॅफेत ‘अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश वृंदाचे वादक चास चँडलर यांनी त्यांचे वादन ऐकले आणि त्यांना लंडनला आणले. तेथे बासवर नोएल रेडिंग आणि ड्रमवर मिच मिचेल यांच्यासह ‘जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स’ हा तिघांचा वृंद उभा राहिला. रेडिंग हे मूळचे गिटारवादक. बास त्यांनी या वृंदासाठीच हाती घेतला. वृंद जमून काही दिवस होतात न होतात तोच, १३ ऑक्टोबर १९६६ रोजी, फ्रान्समधील एव्ह्रो या गावी त्यांच्या पहिल्या छोटेखानी दौऱ्याला प्रारंभ झाला. मुख्य आकर्षण होते फ्रेंच गायक जॉनी हॅलिडे. हेंड्रिक्स यांच्या वाट्याला आरंभीचा थोडका वेळ आला आणि वृंदापाशी स्वतःची गाणी जवळपास नव्हतीच. पाच दिवसांनी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात मात्र श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले.

खरी कसोटी लागली ती ३१ मार्च १९६७ रोजी. उत्तर लंडनमधील फिन्सबरी पार्क येथील अ‍ॅस्टोरिया नाट्यगृहात वॉकर ब्रदर्स यांच्या ब्रिटन दौऱ्याची ती पहिली रात्र होती. कॅट स्टीव्हन्स, एंगलबर्ट हम्परडिंक आणि हेंड्रिक्स अशी परस्परांशी काहीही साम्य नसलेली मंडळी एकाच कार्यक्रमपत्रिकेवर होती. प्रेक्षागृहात मुख्यत्वे वॉकर ब्रदर्सच्या प्रेमगीतांवर लुब्ध असलेली किशोरवयीन मुले-मुली होती. अशा श्रोत्यांवर मोजक्या गाण्यांत छाप पाडायची होती आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत नावही यायला हवे होते.

प्रयोगापूर्वी याच विवंचनेत चँडलर यांनी पत्रकार कीथ अल्थम यांचा सल्ला घेतला. वाद्ये फोडण्याचा प्रकार ‘द हू’ या वृंदाने आधीच रूढ केला होता. त्यापुढे जायचे तर काय, या गप्पांमध्ये अल्थम यांनी गिटार पेटवण्याचा विषय काढला. तो थट्टेत निघाला असला तरी चँडलर यांनी तत्काळ सिगारेट-लायटरमध्ये भरायचे इंधन मागवले. कार्यक्रमाच्या अखेरीस हेंड्रिक्स यांनी गिटार जमिनीवर ठेवून तिच्यावर ते ओतले व काडी ओढली. ज्वाळा उसळल्या, सभागृहात एकच कल्लोळ झाला. हेंड्रिक्स यांच्या हातांना भाजले आणि त्यांना उपचारासाठी रुग्णालयात न्यावे लागले. इजा किरकोळ होती, परंतु वादकाचे सारे भांडवल हातांतच असते. महिनाभराचा दौरा पुढे उभा असताना त्यांनी पहिल्याच रात्री तेच पणाला लावले होते.

वृत्तपत्रांनी दखल घेतली, पण ती संगीताची नव्हे. कृष्णवर्णीय कलावंताला रानटी ठरवणारी विशेषणे त्यांच्या नावामागे लागली. प्रत्यक्षात त्यांचे वादन अतिशय विचारपूर्वक घडवलेले होते. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा गिटारच्या तारांना कंपित करतो आणि त्यातून अखंड गुंजणारा नाद निर्माण होतो. ज्याला अन्य वादक दोष समजत, त्या ‘फीडबॅक’ला हेंड्रिक्स यांनी सुरात बांधले.

१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात त्यांनी पुन्हा गिटार पेटवली आणि मायदेशातही त्यांचा बोलबाला झाला. तथापि, ८ जुलै रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे ‘मंकीज’ या लोकप्रिय वृंदाच्या दौऱ्यात ते सामील झाले, तेव्हाची पहिली रात्र निराशेची ठरली. समोरची मुले आपल्या आवडत्या मंकीजच्याच नावाचा घोष करीत राहिली. काही दिवसांतच हेंड्रिक्स यांनी तो दौरा सोडला.

पुढे श्रोते स्वतःहून येऊ लागले, पण अनेकांना हव्या होत्या त्या करामतीच. दातांनी वाजवणे, गिटार पाठीमागे धरणे, या फर्माइशींचा हेंड्रिक्स यांना उबग येऊ लागला. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक महोत्सवात ते वाजवायला उभे राहिले, तेव्हा लाखोंच्या जमावातील बहुतेक लोक परतले होते. उरलेल्यांना त्यांनी गिटारवर अमेरिकी राष्ट्रगीत ऐकवले. त्या सुरांतून निघालेल्या स्फोटांच्या आवाजात अनेकांना व्हिएतनाम युद्धाचे पडसाद ऐकू आले. या वेळी आगीची गरज भासली नाही.

२५ एप्रिल १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या फोरम सभागृहात त्यांच्या अखेरच्या मोठ्या अमेरिकी दौऱ्याची पहिली रात्र झाली. आता मुख्य आकर्षण तेच होते. सोबत मिचेल आणि सैन्यातील जुने मित्र, बासवादक बिली कॉक्स होते आणि कार्यक्रमात नव्या रचनाही होत्या. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ सुरू झाला. परंतु तेथे काम करायला त्यांना फारसा अवधी मिळाला नाही. ६ सप्टेंबरला जर्मनीतील फेमार्न बेटावर त्यांनी अखेरचा कार्यक्रम केला आणि १८ सप्टेंबर १९७० रोजी झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले अवघे तीन अल्बम प्रसिद्ध झाले. लंडनच्या ब्रुक स्ट्रीटवर ते जेथे राहत, ते घर आणि शेजारचे अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल यांचे घर आज एकत्रितपणे संग्रहालय म्हणून जतन केले आहे. अ‍ॅस्टोरियातील त्या रात्रीनंतर ज्यांच्या संगीताऐवजी केवळ आगीची बातमी झाली, त्या कलावंताला काळाने अखेर संगीतकारांच्या शेजारी जागा दिली आहे.