मोहेंजोदडोचे राखालदास

मोहेंजोदडो म्हटले की सर जॉन मार्शल यांचे नाव ओठांवर येते. मला मात्र आधी आठवतात राखालदास बॅनर्जी. सरकारी नोकरीच्या रगाड्यात त्यांनी बंगालीत ‘शशांक’, ‘धर्मपाल’, ‘करुणा’ अशा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. बँकेच्या खतावण्या सांभाळून रात्री लिहीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाविषयी आपुलकी वाटणारच!

जन्म १८८५चा, मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बहरामपूरचा. प्राचीन लिपी आणि नाणी हा हातखंडा. पुरातत्त्व खात्यात शिरल्यावर १९१७ मध्ये पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून ते पुण्याला आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे लारखाना जिल्ह्यातल्या त्या ओसाड टेकाडांचा कारभार चक्क पुण्याच्या कचेरीतून चाले!

या टेकाडांवर आधीच एक शेरा पडलेला होता. १९११-१२ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथे जाऊन आले होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव, स्वतः नाणावलेले पंडित. विटा अर्वाचीन घडणीच्या आहेत, कोरीव मृण्मय काम कुठे दिसत नाही, तेव्हा गाव फार तर २०० वर्षांचे, असे त्यांनी ठरवले. एका अर्थी ती त्या प्राचीन वीटभट्टीवाल्यांना मिळालेली पावतीच; साडेचार हजार वर्षांनीही त्यांची वीट जुनी दिसत नव्हती. पण कचेरीत वरिष्ठाचा शेरा म्हणजे काय असतो, हे ज्याने फायली हाताळल्या त्याला सांगायला नको. पुढचा माणूस तो वाचतो आणि मुकाट खाली सही करतो.

बॅनर्जींनी सही केली नाही. सिंधूचे कोरडे पडलेले जुने प्रवाह धुंडाळताना ही जागा त्यांच्या नजरेत भरली होती. १९२२ मध्ये त्यांनी तिथल्या बौद्ध स्तूपाच्या टेकाडावर कुदळ चालवली. अपेक्षा बौद्ध अवशेषांची. हाती आल्या मुद्रा, त्यांवर जनावरांची चित्रे आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरे. अशीच एक मुद्रा हडप्प्याची म्हणून कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये छापली होती, आणि ती परदेशी मानली होती. हडप्प्याला दयाराम साहनींनी १९२१ मध्येच खोदकाम सुरू केले होते. दोन गावांत सुमारे ६०० किलोमीटर अंतर, आणि मुद्रा एकाच घराण्यातल्या! लिपी जन्मभर चाळलेल्या डोळ्यांना ते नाते उमगले, यात नवल नाही.

सप्टेंबर १९२४ मध्ये मार्शल यांनी लंडनच्या सचित्र साप्ताहिकातून ही वार्ता जगाला दिली. भारताचा इतिहास एका दमात दोन हजार वर्षे मागे सरकला. मोहेंजोदडोचे खोदकाम पुढे माधोस्वरूप वत्स, मग आपल्या पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित आणि नंतर खुद्द मार्शल यांच्याकडे गेले. बॅनर्जींची बदली कलकत्त्याला झाली.

तिथे त्यांनी पहाडपूरचा प्रचंड विहार खणायला घेतला. पण जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरातील एका मूर्तीच्या प्रकरणात त्यांच्यावर आळ आला आणि नोकरी सुटली. ज्याच्या नावावर एवढा शोध, तो माणूस चाळिशीत बिनपगारी! मला या जागी नेहमी थांबावेसे वाटते. १९२८ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. हात उधळा, प्रकृती खालावलेली. तरी लेखणी थांबली नाही. २३ मे १९३० रोजी, अवघ्या ४५व्या वर्षी, ते गेले.

मार्शल यांचा मोहेंजोदडोवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला १९३१ मध्ये. त्यात बॅनर्जींचे श्रेय मार्शल यांनी मोकळेपणाने नोंदवले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण बॅनर्जींनी स्वतः लिहून खात्याला दिलेला मोहेंजोदडोचा अहवाल तेव्हा छापला गेला नाही. तो वाराणसीहून पुस्तकरूपाने निघाला १९८४ मध्ये, ते गेल्यावर ५४ वर्षांनी.